उन्हाळी भाजीपाल्याचा तयार संच: १०० दिवसांच्या वापरानंतरचा अभिप्राय

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातील आमच्या इमारतीतील चार घरांनी मिळून गच्ची आणि बाल्कनीसाठी उन्हाळी भाजीपाल्याचे चार तयार संच ऑनलाइन मागवले. एका संचाची छापील किंमत ३,२०० रुपये होती आणि चार एकदम घेतल्यामुळे प्रत्येकी २,९०० रुपयांना पडले. चारही घरांनी १० फेब्रुवारीलाच पेरणी केली. आज २१ मे रोजी त्या पेरणीला १०० दिवस झाले आहेत. दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर जमून कोणाचे काय उगवले, काय वाळले आणि काय काढले याची नोंद एका वहीत करण्याचे आम्ही ठरवले होते, आणि मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे ती वही साहजिकच माझ्याकडे आली. पुढचा अभिप्राय त्या वहीवरून लिहिला आहे. कंपनीचे नाव देत नाही. या धाटणीचे संच सध्या अनेक जण विकतात, आणि विकत घेणाऱ्याने काय तपासावे हे नाव न घेताही सांगता येते.

खोक्यात हिरव्या एचडीपीई (जाड विणलेल्या प्लास्टिकच्या) कापडाच्या १० पिशव्या, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ५ किलोची एक वीट, ५ किलो गांडूळखत, १ किलो निंबोळी पेंड, बियाण्यांची १० पाकिटे, नीम तेलाची १०० मिलिलिटरची बाटली, १० ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) असलेला ठिबकचा छोटा संच आणि एक रंगीत पुस्तिका असते. पाकिटे भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले, दुधी, लाल माठ, पालक, टोमॅटो आणि मिरची यांची होती. बांधणी चांगली होती, काहीही फुटले किंवा सांडले नव्हते, आणि सांगितलेल्या दिवशी खोकी दारात आली. कौतुकाचा हा भाग येथेच संपवते, कारण पहिली अडचण पिशव्या उघडताच आली.

जाहिरातीत आणि खोक्यावर पिशवीचे माप ‘१२ बाय १२ इंच’ असे दिले आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे १२ इंच व्यासाची आणि १२ इंच उंचीची गोल पिशवी येते, आणि अशा पिशवीत साधारण २२ लिटर माती मावते. प्रत्यक्षात हे माप पिशवी जमिनीवर सपाट पसरून घेतलेले होते. सपाट पिशवीची रुंदी १२ इंच म्हणजे तिचा घेर २४ इंच, आणि २४ इंच घेराच्या पिशवीचा व्यास साडेसात इंचांच्या थोडा वर भरतो. तिच्यात जेमतेम ९ लिटर माध्यम (रोप ज्यात वाढते ते मातीसारखे मिश्रण) मावते, तळाची घडी सोडली तर त्याहूनही कमी. रोपवाटिकांत वापरल्या जाणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या सपाट मापानेच विकल्या जातात हे मला ठाऊक आहे, परंतु तो व्यवहार जाणत्या गिऱ्हाइकाशी असतो. घरी पहिल्यांदा भाजी लावणाऱ्या माणसाला हे माप फसवे ठरते. ९ लिटरच्या पिशवीत माठ, पालक, मिरची किंवा गवारीची दोन रोपे नीट वाढतात, भेंडीचे एक रोप कसेबसे तग धरते, आणि दुधीचा वेल मात्र तीन आठवड्यांत मुळांचे वेटोळे करून पिवळा पडतो. कारले आणि काकडीच्या वेलाला २० ते २५ लिटर, तर दुधीला निदान ४० लिटरचे भांडे हवे. चौघांपैकी तिघांचे दुधी याच कारणाने वाया गेले. मी माझा दुधी जुन्या प्लास्टिकच्या पिंपात हलवला म्हणून तो वाचला. पिशवी घेताना आकडा कोणताही छापलेला असो, घेर किती आणि किती लिटर मावते हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कापड मात्र टिकाऊ निघाले. १०० दिवस पश्चिमेचे ऊन खाऊनही एकाही पिशवीची शिवण उसवलेली नाही, त्यामुळे मापाचा राग कापडावर काढणे योग्य होणार नाही.

माध्यमाबाबत पुस्तिकेत ‘वीट पाण्यात भिजवा, गांडूळखत मिसळा आणि लगेच पेरणी करा’ एवढाच मजकूर आहे. यातल्या ‘लगेच’ या शब्दाने एका घराचे नुकसान केले. नारळाच्या काथ्यात मुळातच पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, आणि कोकोपीट कारखान्यात नीट धुतलेले नसेल तर ते क्षार कोवळ्या मुळांना बाधतात. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याकडे पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजण्याची पेन होती. खडकवासल्याचे आमचे नळाचे पाणी त्या पेनवर ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आसपास दाखवते; भिजवलेल्या कोकोपीटमधून पिळून काढलेले पहिले पाणी १,६०० च्या वर गेले. ते चहासारखे लालसर होते. तीन वेळा भिजवून आणि जुन्या ओढणीतून गाळून निथळल्यावर आकडा ३०० पर्यंत उतरला. तिघांनी असे धुऊन घेतले, चौथ्या घरी पुस्तिकेवर विश्वास ठेवून तसेच भरले, आणि तेथे काकडीची रोपे दोन पानांवर असतानाच पानांच्या कडा भाजल्यासारख्या करपल्या. म्हणून हा संच घेतलाच, तर वीट धुण्यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवावी, आणि ते लाल पाणी झाडांना घालू नये.

दुसरी गोष्ट गणिताची आहे. ५ किलोची वीट फुलून सुमारे ७० लिटर होते. ५ किलो गांडूळखत आकारमानाने ८ लिटरच्या आसपास भरते. म्हणजे पुस्तिकेत ‘कोकोपीट आणि खत समप्रमाणात’ असे लिहिलेले असले, तरी खोक्यात दिलेले प्रमाण जवळजवळ नऊस एक असे आहे. कोकोपीट पाणी उत्तम धरते, वजनाला हलके असते आणि गच्चीवर भार टाकत नाही, हे सारे खरे असले तरी त्यात रोपाला खायला जवळपास काहीच नसते. पाचव्या आठवड्यात, मार्चच्या मध्यावर, चारही घरांतील भेंडीची खालची पाने पिवळी पडू लागली आणि गवारीची वाढ थबकली. रोग समजून दोघांनी नीम तेल फवारले. प्रत्यक्षात रोपे उपाशी होती. आम्ही मग प्रत्येक पिशवीत दोन ओंजळी कुजलेले शेणखत आणि एक ओंजळ गाळाची माती घातली, दर पंधरा दिवसांनी शेंगपेंड दोन दिवस भिजवलेले पाणी दहापट पातळ करून दिले, आणि दहा-बारा दिवसांत नवी पाने गडद हिरवी येऊ लागली. शेंगपेंडीच्या वासाबद्दल खालच्या मजल्यावरून एक तक्रार आली, तीही वहीत नोंदवली आहे. निंबोळी पेंड मात्र उपयोगी निघाली. पिशवीमागे दोन मुठी पेरणीपूर्वी मिसळल्यामुळे असेल, गेल्या वर्षी मला छळणाऱ्या हुमणीच्या अळ्या यंदा कोठेही दिसल्या नाहीत.

आता बियाणे, जे या संचाचे खरे बळ आहे. दहापैकी सात पाकिटांवर हिरवी खूणचिठ्ठी होती. तिच्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वापराची मुदत, असा सत्यतादर्शक (म्हणजे ज्याच्या गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः चिठ्ठीवर देतो अशा) बियाण्यावर असावा तो सारा तपशील होता. भेंडी ‘अर्का अनामिका’, गवार ‘पुसा नवबहार’, काकडी ‘पूना खिरा’, दोडका ‘अर्का सुमीत’, कारले ‘अर्का हरित’ आणि दुधी ‘पुसा नवीन’ होता. हे सर्व सरकारी संशोधन संस्थांचे किंवा दीर्घकाळ प्रचलित असलेले सरळ वाण आहेत, म्हणजे यांचे बी आपण घरी धरून पुढच्या वर्षी पेरू शकतो. संकरित बियाण्याच्या चकचकीत पाकिटापेक्षा गच्चीवरच्या बागेसाठी मला ही निवड फार शहाणपणाची वाटली, आणि ज्याने कोणी ही यादी केली त्याला भाजीपाला कळतो असे म्हणावे लागेल. ‘पुसा नवबहार’ तर फांद्या न फोडता सरळ उंच वाढते आणि खोडालाच शेंगांचे घोस धरते, त्यामुळे अरुंद जागेसाठी तिच्यासारखी गवार नाही.

उरलेली तीन पाकिटे टोमॅटो, मिरची आणि पालक यांची होती. त्यांवर वाणाचे नाव नव्हते, चाचणीची तारीख नव्हती, फक्त लालबुंद टोमॅटोचे चित्र आणि ‘उच्च प्रतीचे’ असे शब्द होते. खूणचिठ्ठीचा फरक उगवणीत लगेच दिसला. चारही घरांची बेरीज केली तर भेंडीच्या ८० बियांपैकी ६८ उगवल्या आणि गवारीच्या १०० पैकी ८४. कायद्याने भेंडीला किमान ६५ टक्के आणि गवारीला ७० टक्के उगवणशक्ती अपेक्षित आहे, म्हणजे दोन्ही बरेच वर राहिले. टोमॅटोच्या १०० बियांपैकी ४३ उगवल्या, जिथे किमान अपेक्षा ७० टक्क्यांची आहे. मिरची त्याहून बरी, पण समाधानकारक नाही. येथे एक गोष्ट नमूद करते की भेंडी आणि कारल्याचे बी आम्ही रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मग पेरले होते. भेंडीच्या बियांचे कवच कठीण असते, आणि कोरडे बी टाकणाऱ्याला दहा दिवस वाट पाहावी लागते तिथे आमची भेंडी पाचव्या-सहाव्या दिवशी वर आली. पुस्तिकेत भिजवण्याचा उल्लेख नाही.

पुस्तिका हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग आहे, आणि मला सर्वाधिक राग तिच्यावरच आहे. कागद गुळगुळीत, चित्रे सुंदर, पण वेळापत्रक साऱ्या देशासाठी एकच. ‘फेब्रुवारी ते मे: सर्व दहा भाज्या’ असे त्यात एका ओळीत लिहिले आहे. मेमध्येही सकाळ थंड असणाऱ्या एखाद्या डोंगरगावी ते चालत असेल. आमच्या गच्चीवर चैत्र लागला की दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. टोमॅटोच्या फुलातील पराग दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रही उबदार राहिली की निकामी होऊ लागतात, फूल गळते आणि फळ धरत नाही. महाराष्ट्रात उन्हाळी टोमॅटोची रोपे डिसेंबर-जानेवारीत तयार करतात ती याचसाठी, म्हणजे एप्रिलची काहिली सुरू होण्यापूर्वी फळे धरलेली असतात. १० फेब्रुवारीला बी टाकून आमच्या टोमॅटोला फुले आली ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऐन चुकीच्या वेळी. चार घरांत मिळून आजवर ११ टोमॅटो मिळाले. त्यांतल्या तिघांना बुडाशी काळा चट्टा होता. पाणी कधी भरपूर आणि कधी शून्य अशा ओढाताणीत फळाला कॅल्शियम पोहोचत नाही, त्याची ती खूण असते. पालकाचीही तीच गत झाली. तो थंडीचा गडी. मार्च उजाडताच तुरे काढून मोकळा झाला आणि पाने कडवट झाली. त्या जागी पोकळा, अंबाडी, राजगिरा किंवा मायाळू यांपैकी कोणतेही पाकीट दिले असते, तर संचाची किंमत न वाढता लोकांच्या ताटात दोन भाज्या अधिक पडल्या असत्या. लाल माठाने हे सिद्धच केले. पेरणीनंतर अठ्ठाविसाव्या दिवशी पहिली कापणी झाली, त्यानंतर आणखी तीन झाल्या, आणि अजून फूट येते आहे.

दोडक्याची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. काकडी, दुधी, दोडका आणि कारले या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. आधी काही दिवस फक्त नर फुले दिसतात, मग मागे इवलेसे फळ असलेली मादी फुले येतात, आणि मधमाश्या कमी असलेल्या शहरी गच्चीवर परागीकरण हाताने करावे लागते. पुस्तिकेत सर्व वेलभाज्यांसाठी ‘सकाळी ८ वाजता मऊ ब्रशने परागकण लावावेत’ अशी सूचना आहे. त्याप्रमाणे आम्ही एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत रोज सकाळी ब्रश घेऊन दोडक्याच्या मिटलेल्या फुलांपुढे उभे राहिलो आणि एकामागून एक कोवळे दोडके पिवळे पडून गळताना पाहिले. शेवटी जुन्नरकडे शेती करणाऱ्या माझ्या मावसभावाला फोन केला. तो हसून म्हणाला, “अगं ताई, दोडका दिवेलागणीला फुलतो. सकाळी जाऊन काय करतेस?” त्या संध्याकाळी सव्वासहाला वर गेले, तर वेल पिवळ्याधमक फुलांनी भरलेला होता. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून ते थेट मादी फुलावर टेकवले, आणि आठ-नऊ दिवसांत हातभर दोडका लोंबू लागला. दुधीचे पांढरे फूलही संध्याकाळीच उमलते. काकडी आणि कारले तेवढे सकाळचे. चार वेलांपैकी दोघांची वेळ चुकीची छापणाऱ्या पुस्तिकेला ‘तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली’ असे बिरुद का लावावे, हे मला समजलेले नाही.

पुस्तिकेतील ‘६ ते ८ तास थेट ऊन आवश्यक’ हे वाक्यही असेच अर्धे खरे आहे. फेब्रुवारीत ते खरे होते. एप्रिलमध्ये गच्चीच्या पश्चिम कठड्याजवळच्या पिशवीत दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरातील तापमापी खुपसून पाहिली, तर मुळांजवळ ४४ अंश तापमान होते. अशा वेळी पाणी असूनही झाड माना टाकते, कारण मुळेच काम करीत नाहीत. संचात शेडनेट नाही, आणि त्याची गरज पडेल असा इशाराही नाही. आम्ही ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मीटरवर विकत आणून सकाळी साडेदहा ते साडेचार या वेळेपुरती ओढता येईल अशी तारेवर बसवली, पिशव्या विटांवर उचलून घेतल्या म्हणजे खालून वाराही लागला आणि गच्चीचे जलरोधन ओलाव्यापासून वाचले, पिशव्यांच्या भोवती जुन्या गोणपाटाचे पट्टे गुंडाळले, आणि मातीवर उसाची चिपाडे पसरली. उन्हाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंती उघडलेली असते आणि चिपाडे फुकट मिळतात. दोन दिवस उन्हात वाळवून घातली की मुंग्यांचा उपद्रव होत नाही, आणि जूनपर्यंत ती कुजून खतही होतात. या सगळ्या खटाटोपाने मुळांजवळचे तापमान ३५ अंशांवर आले आणि दिवसातून दोनदा द्यावे लागणारे पाणी एकदाच पुरू लागले.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंची बाल्कनी पूर्वेची आहे आणि तिथे सकाळी अकरानंतर ऊन नसते. पुस्तिकेच्या हिशेबाने त्यांची बाग सर्वांत वाईट व्हायला हवी होती. त्यांची भेंडी आमच्यापेक्षा दहा दिवस उशिरा लागली हे खरे, परंतु मेमध्ये आमची भेंडी राठ होऊ लागली तेव्हा त्यांची अजूनही बोटाने मोडावी अशी कोवळी होती, आणि माठ तर त्यांचाच सर्वांत भरघोस आला. उन्हाळी लागवडीसाठी पुण्या-सोलापूरच्या बाजूला पूर्वेची बाल्कनी हे वैगुण्य मानू नये, असे मी या नोंदींवरून ठामपणे म्हणेन.

ठिबकविषयी थोडक्यात सांगते. यातील ड्रिपर ताशी ४ लिटरचे आहेत, आणि ४ लिटर हा आकडा सुमारे १ बार दाबासाठी असतो. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. आमची टाकी पिशव्यांपेक्षा जेमतेम २ मीटर उंच आहे, आणि बहुतेकांच्या गच्चीवर परिस्थिती अशीच असते. एका तासात पहिल्या ड्रिपरखालील भांड्यात पावणेदोन लिटर पाणी जमले आणि शेवटच्या ड्रिपरखाली अर्ध्या लिटरहून थोडे अधिक. पहिले झाड चिखलात आणि दहावे तहानलेले, असा प्रकार आठवडाभर चालल्यावर आम्ही ड्रिपर काढून टाकले, नळीची लांबी निम्मी करून दोन फाटे केले आणि टोकाला नुसत्या बारीक नळ्या ठेवून त्या चिमट्यांनी कमी-अधिक दाबल्या. आता बरे चालते, पण यासाठी संच विकत घेण्याची गरज नव्हती. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असते त्या दिवशी टाकीची पातळी खाली गेली की तेही थांबते, म्हणून बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवतो.

कीड-रोगांत तांबडे भुंगेरे काकडीच्या पहिल्या पानांवर आले, ते सकाळी थंडाव्यात सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. एप्रिलमध्ये गवारीवर मावा आणि भेंडीवर पांढरी माशी आली. संचातील नीम तेल चांगल्या प्रतीचे आहे. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर तेल आणि चमचाभर द्रव साबण घालून संध्याकाळी फवारले तर मावा दोन वेळांत आटोक्यात येतो. एकाने घाईने सकाळी दहा वाजता फवारले आणि पानांवर डाग पाडून घेतले. पांढऱ्या माशीमुळे भेंडीवर हळद्या येतो, पानांच्या शिरा पिवळ्या होतात आणि शेंगाही फिक्या पडतात. ‘अर्का अनामिका’ हा वाण हळद्याला दाद न देणारा म्हणून नावाजला गेला होता, तरी आमच्या २४ झाडांपैकी पाचांना तो झालाच. विषाणूजन्य रोगावर औषध नाही. ती पाच झाडे उपटून पिशवीत बांधून टाकली, पिवळे चिकट कागद लटकवले, आणि उरलेली झाडे वाचली. पुस्तिकेत ‘पाने पिवळी पडल्यास नीम तेल’ असा सरसकट सल्ला आहे. त्यावर विसंबून रोगट झाड ठेवले असते तर सगळीच गेली असती.

ग्राहकसेवेचा अनुभव संमिश्र आहे. टोमॅटोच्या उगवणीचे आकडे आणि फोटो पाठवल्यावर माणसाने फोनवर नम्रपणे ऐकून घेतले आणि बदली पाकिटे पाठवली. ती १२ दिवसांनी मिळाली, तोवर मार्चचा पहिला आठवडा उलटला होता आणि ती पेरण्यात अर्थ नव्हता. आम्ही ती पावसाळ्यानंतरसाठी ठेवली आहेत. बदली पाकिटांवर खूणचिठ्ठी होती हे मुद्दाम सांगते. पिशवीच्या मापाबद्दल मात्र ‘या व्यवसायात माप असेच सांगतात’ असे एका ओळीचे उत्तर आले. दोडक्याच्या फुलांबद्दल लिहिलेल्या पत्राला उत्तर आलेले नाही.

माझ्या एका घराची १०० दिवसांची एकूण काढणी अशी: सहा झाडांची भेंडी २ किलो ७०० ग्रॅम, गवार १ किलो ६०० ग्रॅम, दोन वेलांचे कारले २ किलोच्या थोडे वर, लाल माठ दीड किलो, काकड्या १४, दोडके ९, दुधी ४. मंडईच्या भावाने हिशेब केला तर संचाचे पैसे वसूल झालेले नाहीत, आणि शेडनेट, विटा व शेणखत धरले तर अजिबातच नाहीत. तो हिशेब करून कोणी गच्चीवर भाजी लावत नाही हे मलाही माहीत आहे, पण ‘एका हंगामात पैसे वसूल’ हे वाक्य जाहिरातीत आहे म्हणून उत्तर देणे भाग पडले. भेंडी काढताना एक दिवसाआड जाणे चुकवू नये, एवढे मात्र सांगते. तीन दिवस गेले की शेंग दोरखंडासारखी होते आणि झाड पुढची फुले देण्यात हात आखडता घेते.

गुण द्यायचे तर बियाण्यांना पाचापैकी चार, निंबोळी पेंड आणि नीम तेलाला चार, कोकोपीटला धुण्याच्या अटीवर तीन, पिशव्यांना दोन, ठिबकला एक आणि पुस्तिकेला शून्य देईन. पूर्ण खोके मी पुन्हा घेणार नाही. त्याच कंपनीकडे खूणचिठ्ठी असलेली सात पाकिटे सुटी मिळतात आणि ती ४०० रुपयांच्या आत येतात. ती घ्यावीत, पिशव्या नर्सरीत जाऊन घेर मोजून आणाव्यात, शेणखत आणि माती तिथूनच उचलावी, आणि वाचलेल्या पैशांत जाळी घ्यावी. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, ज्यांची बाल्कनी लहान आणि पूर्वेकडची आहे आणि ज्यांना माठ, मिरची, गवार एवढ्यावर समाधान आहे, त्यांना हा संच सोयीचा पडेल. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तो पावसाळ्यासाठी पुन्हा मागवलाही आहे. त्यांचे गणित सरळ आहे: “मला नर्सरीतून पोती कोण आणून देणार?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून कोकोपीट धुवायला मी जाईन असे त्यांना सांगितले आहे.

गेल्या आठवड्यात वळवाचा एक जोरदार पाऊस झाला. त्यात जाळीची एक बाजू फाटली आणि कारल्याचा मांडव कलंडला, पण भेंडीला नवी फूट आली आहे. तिचे शेंडे गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटून प्रत्येक झाडाला ओंजळभर शेणखत दिले आहे. ती मृगाच्या पावसापर्यंत पुन्हा लागते का, हे वहीच्या पुढच्या पानावर लिहीन.